टायटॅनियमवर अ‍ॅपेटाइटचा थर: अल्कली-उष्णता प्रक्रिया आणि एसबीएफची तयारी, टप्प्याटप्प्याने

धातूच्या रोपणाला हाडाशी थेट जुळवून घेता यावे म्हणून त्याच्या पृष्ठभागावर कॅल्शियम फॉस्फेटचा थर देण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी प्रयोगशाळेत सर्वांत कमी यंत्रसामग्री लागणारी पद्धत म्हणजे टायटॅनियम सोडियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र द्रावणात ठेवणे, नंतर ते भट्टीत तापवणे आणि शेवटी कृत्रिम शरीरद्रवात, म्हणजे एसबीएफमध्ये, बुडवून त्यावर हाडातील खनिजासारखे अ‍ॅपेटाइट आपोआप वाढू देणे. कागदावर ही कृती तीन ओळींत मावते, आणि बहुधा त्यामुळेच ती वारंवार चुकते. द्रव ढगाळ होतो, चार आठवडे वाट पाहूनही पृष्ठभाग कोरा राहतो, किंवा क्ष-किरण आलेखात दिसलेले शिखर अ‍ॅपेटाइटचे नसून साध्या मिठाचे निघते. या तिन्ही तक्रारींची कारणे बहुतेक वेळा नमुना द्रवात जाण्यापूर्वीच घडून गेलेली असतात. म्हणून या लेखात बुडवण्यापेक्षा बुडवण्याआधीच्या तयारीला अधिक जागा दिली आहे.

येथील कृती शुद्ध टायटॅनियम आणि टायटॅनियम-६अ‍ॅल्युमिनियम-४व्हॅनेडियम या मिश्रधातूसाठी आहे. स्टेनलेस स्टील किंवा कोबाल्ट-क्रोमियमवर ती जशीच्या तशी चालत नाही, कारण पुढे वर्णन केलेला टायटॅनेटचा थर त्या धातूंवर तयारच होत नाही. टँटलमवर हेच तत्त्व लागू पडते, पण त्यासाठी अल्कली बरीच सौम्य आणि तापमान बरेच कमी लागते. त्यामुळे खालचे आकडे टँटलमसाठी वापरू नयेत.

क्रम का बदलता येत नाही

सोडियम हायड्रॉक्साइड टायटॅनियमवरील ऑक्साइडशी अभिक्रिया करते आणि साधारण एक मायक्रोमीटर जाडीचा, जाळीसारखा सच्छिद्र असा सोडियम टायटॅनेटचा मऊ थर तयार होतो. तापवल्यावर त्यातले पाणी निघून जाते, थर घट्ट होतो आणि खालच्या धातूला चांगला धरून राहतो. हा थर एसबीएफमध्ये गेला की त्यातले सोडियम आयन द्रवातील हायड्रोनियम आयनांच्या बदल्यात बाहेर पडतात, पृष्ठभागावर टायटॅनियम-हायड्रॉक्सिल गट उरतात आणि त्यांच्या ऋण भारामुळे आधी कॅल्शियम व नंतर फॉस्फेट ओढले जाते. तेथेच अ‍ॅपेटाइटची बीजे पडतात. एकदा बीज पडले की पुढची वाढ द्रवातल्याच आयनांवर होते, कारण एसबीएफ हे अ‍ॅपेटाइटच्या दृष्टीने अतिसंपृक्त द्रावण आहे.

हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवले तर पुढच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेचे कारण आपोआप उलगडते. आपण मुद्दामच असा द्रव तयार करत आहोत की ज्यातून अ‍ॅपेटाइट बाहेर पडण्याच्या बेतात असते. ते नमुन्यावर पडावे आणि बाटलीच्या भिंतीवर, धुळीच्या कणावर किंवा द्रवाच्या मध्यभागी पडू नये, एवढीच सारी खटपट आहे.

टप्पा १: नमुन्यांची तयारी

१० × १० × १ मिमी आकाराचे पत्रे हाताळायला सोयीचे असतात. टांगण्यासाठी छिद्र हवे असेल तर ते घासण्यापूर्वीच पाडून घ्यावे, कारण नंतर पाडलेल्या छिद्राच्या कडेला तेल आणि धातूचे बारीक कण राहतात. पृष्ठभाग सिलिकॉन कार्बाइडच्या ४०० क्रमांकाच्या कागदावर पाण्याखाली घासावा आणि सर्व नमुने एकाच क्रमांकावर थांबवावेत. काही नमुने आरशासारखे चकचकीत आणि काही खरखरीत असले, तर पुढे दिसणारा फरक प्रक्रियेचा आहे की घासण्याचा, हे कधीच कळणार नाही.

त्यानंतर नमुने अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अतिशुद्ध पाणी या क्रमाने अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये प्रत्येकी किमान १० मिनिटे ठेवावेत. अ‍ॅसिटोनने तेलकटपणा जातो, अल्कोहोलने अ‍ॅसिटोनचा अंश जातो आणि पाण्याने अल्कोहोल जाते. हा क्रम उलटा केला तर वाळताना डाग उरतात. यापुढे नमुना हाताने धरू नये. प्लॅस्टिकच्या टोकाचा चिमटा वापरावा आणि तोही नेहमी कडेलाच लावावा.

तपासणी: धुतलेला नमुना पाण्यातून बाहेर काढल्यावर पाण्याचा पातळ पडदा सलग राहिला पाहिजे. पाणी थेंबाथेंबात तुटत असेल तर तेलकटपणा शिल्लक आहे आणि धुण्याचा क्रम पुन्हा करावा लागेल.

टप्पा २: सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवणे

५ मोलर द्रावण लागते, म्हणजे १०० मिली द्रावणात २० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड. ते विरघळताना बरीच उष्णता बाहेर पडते, म्हणून पॉलिप्रॉपिलीनचा बीकर थंड पाण्याच्या भांड्यात ठेवून गोळ्या थोड्या थोड्या टाकाव्यात आणि द्रावण थंड झाल्यावरच शेवटचे आकारमान पूर्ण करावे. द्रावण ताजेच वापरावे. उघडे ठेवलेले द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्याची तीव्रता कमी होते.

काचेची बाटली येथे चालणार नाही. ६० अंश सेल्सिअसला हे द्रावण काच कोरते आणि काचेतील सिलिका व कॅल्शियम द्रावणात उतरतात. त्यातले कॅल्शियम विशेष त्रासदायक आहे: ते टायटॅनेटच्या थरात सोडियमची जागा घेते, पुढे एसबीएफमध्ये सोडियम पुरेसे बाहेर पडत नाही आणि अ‍ॅपेटाइटची निर्मिती मंदावते. कॅल्शियमचे अगदी सूक्ष्म प्रमाणही यासाठी पुरेसे असते. म्हणून कमी दर्जाचे सोडियम हायड्रॉक्साइड घेऊन पैसे वाचवणे येथे महागात पडते, आणि नळाचे पाणी तर कोणत्याच टप्प्यात वापरू नये.

प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र प्लॅस्टिक बाटली आणि किमान ५ मिली द्रावण द्यावे. नमुने एकमेकांवर ठेवले तर जेथे ते टेकतात तेथे थर तयार होत नाही. बाटल्या ६० अंशांच्या इनक्युबेटरमध्ये २४ तास ठेवाव्यात. अभिक्रियेत थोडा हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून बाटलीत थोडी मोकळी जागा सोडावी आणि झाकण करकचून आवळू नये. मात्र झाकण काढूनही ठेवू नये, कारण पाणी उडून गेल्यास तीव्रता वाढते.

इशारा: ५ मोलर गरम सोडियम हायड्रॉक्साइड डोळ्याला काही क्षणांत कायमची इजा करू शकते. बाजूनेही झाकलेला चष्मा, नायट्राइलचे हातमोजे आणि एप्रन यांच्याशिवाय बाटली उघडू नये.

चोवीस तासांनी नमुना बाहेर काढून अतिशुद्ध पाण्याने हलक्या हाताने धुवावा आणि ४० अंशांना वाळवावा. येथे अल्ट्रासॉनिक क्लीनर वापरण्याचा मोह टाळावा. तापवण्यापूर्वी हा थर इतका मऊ असतो की ध्वनिलहरींनी तो निघून येऊ शकतो. पुसणे, घासणे, टिश्यू कागद लावणे हेही निषिद्ध समजावे. धुण्यासाठी आम्ल तर कधीच वापरू नये. ते थरातले सोडियमच काढून टाकते आणि सोडियम हाच पुढच्या टप्प्याचा आधार आहे.

टप्पा ३: भट्टीत तापवणे

वाळलेले नमुने अ‍ॅल्युमिनाच्या स्वच्छ बोटीत (भट्टीत ठेवायच्या होडीसारख्या लहान भांड्यात), ज्या बाजूवर थर हवा ती वर ठेवून मांडावेत. तापमान मिनिटाला ५ अंश या गतीने ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे, तेथे एक तास ठेवावे आणि मग भट्टी बंद करून नमुने आतच थंड होऊ द्यावेत. चढण्याला सुमारे दोन तास लागतात आणि उतरण्याला त्याहून जास्त. घाईने दार उघडून नमुना बाहेर काढला तर थराला बारीक तडे जातात, आणि ते तडे पुढे अ‍ॅपेटाइटखाली झाकले जात असल्याने थर सोलून निघेपर्यंत लक्षातही येत नाहीत.

तापमानाचा आकडा गंभीरपणे घ्यावा. कमी तापवलेला थर मऊ राहतो. ८०० अंशांच्या आसपास गेल्यास स्फटिकी सोडियम टायटॅनेट आणि रुटाइल (टायटॅनियम डायऑक्साइडचे एक स्फटिकरूप) वाढते, थर सोडियम सहज सोडत नाही आणि अ‍ॅपेटाइट बनवण्याची क्षमता घटते. पुष्कळ भट्ट्यांचा दर्शक खऱ्या तापमानापासून वीस-तीस अंश दूर असतो, म्हणून नमुन्याच्या जागी स्वतंत्र थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवून एकदा तरी पडताळणी करावी. त्याच भट्टीत इतर कोणी बाष्पशील क्षार किंवा शिशाची संयुगे तापवत असेल, तर ही प्रक्रिया तेथे करू नये.

तपासणी: एक जादा नमुना चाचणीसाठी राखून ठेवावा आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. प्रक्रिया नीट झाली असेल तर थेंब तात्काळ पसरतो. थेंब गोल उभा राहिला तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यात काही चुकले आहे आणि एसबीएफ खर्च करण्यापूर्वी ते शोधलेले बरे. तापवलेले नमुने फार दिवस उघडे ठेवू नयेत. हवेतील सेंद्रिय अंश बसून तोच पृष्ठभाग हळूहळू पाणी झिडकारू लागतो.

टप्पा ४: एसबीएफ तयार करणे

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यात होतात. पुढचे आकडे कोकुबो आणि ताकादामा यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृतीतले आहेत. आयएसओ २३३१७ हे मानकही याच प्रकारच्या द्रवावर आधारलेले आहे. या द्रवात कॅल्शियम २.५ आणि फॉस्फेट १.० मिलिमोलर असते, म्हणजे रक्तद्रवाइतकेच. बायकार्बोनेट मात्र ४.२ मिलिमोलर आहे. रक्तद्रवात ते २७ असते. त्यामुळे हा द्रव म्हणजे शरीर नव्हे, हे पुढे निष्कर्ष लिहिताना आठवावे.

भांडी. १००० मिलीचा प्लॅस्टिकचा बीकर घ्यावा. जुन्या काचेच्या बीकरवरचे ओरखडे अ‍ॅपेटाइटला बीज पडायला उत्तम जागा देतात. सर्व भांडी आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने, मग उदासीन डिटर्जंटने आणि शेवटी अतिशुद्ध पाण्याने अनेकदा धुवावीत. मागच्या वेळचा दिसेल न दिसेल असा पांढरा थर एवढ्यानेच विरघळतो. केवळ पाण्याने तो निघत नाही. ओरखडे पडलेले प्लॅस्टिकही बाजूला काढावे.

तराजू. यादीतला सर्वांत लहान आकडा ०.०७२ ग्रॅम आहे, म्हणून दशांश मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा तराजू हवा. दोन दशांश स्थळांच्या तराजूवर हा द्रव बनवू नये.

पीएच मीटर. हा द्रव ३६.५ अंशांना पीएच ७.४० वर आणायचा असतो आणि मीटरचे अंशांकनही त्याच तापमानाला करावे लागते. अंशांकनाच्या बफरची (ठरावीक पीएच असलेल्या प्रमाण द्रावणाची) नोंदलेली किंमत बहुधा २५ अंशांची असते, ६.८६ चे बफर ३७ अंशांच्या आसपास सुमारे ६.८४ आणि ९.१८ चे सुमारे ९.०९ होते. मीटर हे आपोआप जुळवते की नाही, ते आधी पाहावे.

रसायने. नावे वाचताना स्फटिकजल तपासावे. ही चूक इतकी सामान्य आहे की तिच्यासाठी वेगळी ओळ लिहावीशी वाटते: निर्जल आणि डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइड या दोन वेगळ्या बाटल्या आहेत. निर्जल ०.२९२ ग्रॅमऐवजी तेवढेच डायहायड्रेट घातले तर कॅल्शियम सुमारे एक पंचमांशाने कमी पडते आणि मग अ‍ॅपेटाइट का येत नाही, याचा शोध आठवडाभर चालतो. डायहायड्रेट वापरायचेच असेल तर शुद्धता धरून सुमारे ०.३७ ग्रॅम लागेल. निर्जल कॅल्शियम क्लोराइड हवेतले पाणी झपाट्याने ओढते, म्हणून ते १२० अंशांना रात्रभर वाळवून डेसिकेटरमध्ये थंड करावे आणि वजन पटकन घ्यावे.

एक लिटर द्रवासाठी, घालण्याच्या क्रमाने:

१. सोडियम क्लोराइड, ८.०३५ ग्रॅम
२. सोडियम बायकार्बोनेट, ०.३५५ ग्रॅम
३. पोटॅशियम क्लोराइड, ०.२२५ ग्रॅम
४. डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ट्रायहायड्रेट, ०.२३१ ग्रॅम
५. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट, ०.३११ ग्रॅम
६. १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, ३९ मिली
७. निर्जल कॅल्शियम क्लोराइड, ०.२९२ ग्रॅम
८. सोडियम सल्फेट, ०.०७२ ग्रॅम
९. ट्रिस (पीएच स्थिर राखणारे अल्कधर्मी रसायन), ६.११८ ग्रॅम
१०. १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, शेवटच्या जुळवणीसाठी, ० ते ५ मिली

बीकरमध्ये ७०० मिली अतिशुद्ध पाणी घेऊन ते पाण्याच्या कुंडात ३६.५ अंशांवर आणावे आणि मॅग्नेटिक स्टिररवर हलकेच ढवळत ठेवावे. बीकरवर झाकण किंवा फिल्म असावी. धूळ आत जाऊ नये आणि बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड कमीत कमी निसटावा. त्याच कारणाने ढवळणे इतके जोरात नसावे की भोवरा पडेल. पहिली आठ रसायने एकेक करून घालावीत. आधीचे पूर्ण विरघळून द्रव आरपार दिसू लागल्याशिवाय पुढचे घालू नये. घन पदार्थ तोलण्याच्या कागदाला चिकटतात, म्हणून प्लॅस्टिकच्या लहान भांड्यात तोलून तेच भांडे दोन-तीन वेळा पाण्याने धुऊन ते पाणी बीकरमध्ये टाकावे.

सहाव्या क्रमांकाचे आम्ल सातव्या क्रमांकाच्या कॅल्शियमच्या आधी का येते, हे समजून घ्यावे. फॉस्फेट आणि बायकार्बोनेट आधीच द्रवात आहेत. आम्ल नसताना कॅल्शियम घातले तर तत्क्षणी अवक्षेप पडेल. आम्लामुळे पीएच २ च्या आसपास येतो आणि कॅल्शियम शांतपणे विरघळते. आम्ल कॅल्शियमनंतर घातले आणि द्रव पुन्हा स्वच्छ झाला म्हणून समाधान मानू नये, ती बॅच टाकून द्यावी.

आठवे रसायन विरघळल्यावर आकारमान ९०० मिलीपेक्षा कमी असेल तर पाणी घालून ९०० मिली करावे. आता पीएच मीटरचा इलेक्ट्रोड द्रवात ठेवावा आणि तापमान पुन्हा पाहावे.

ट्रिस घालणे. घाई करायची नाही ती येथेच. ट्रिस थोडे थोडे, प्रत्येक वेळी एक ग्रॅमपेक्षा कमी घालावे, ते विरघळू द्यावे आणि पीएच स्थिर झाल्यावरच पुढची चिमूट घालावी. एकदम बरेच ट्रिस पडले तर त्या जागी क्षणभर पीएच फार वाढतो आणि कॅल्शियम फॉस्फेट बाहेर पडते; एकूण पीएच ठीक दिसला तरी बीजे पडून गेलेली असतात. पीएच ७.३ च्या जवळ आल्यावर तापमान ३६.५ अंशांच्या अर्ध्या अंशाच्या आत आहे याची खात्री करावी आणि मग पीएच ७.४५ पर्यंत न्यावा, त्यापुढे नाही. त्यानंतर १ मोलर आम्लाचे थेंब घालून तो ७.४२ वर आणावा, उरलेल्या ट्रिसचा अंश घालून पुन्हा ७.४५ पर्यंत चढवावा, आणि सर्व ट्रिस संपेपर्यंत हे आलटूनपालटून करावे. शेवटी ३६.५ अंशांना आम्लाच्या थेंबांनी पीएच नेमका ७.४० करावा. इलेक्ट्रोड बाहेर काढताना तो अतिशुद्ध पाण्याने धुऊन ते पाणी द्रवातच पडू द्यावे.

इशारा: पीएच खोलीच्या तापमानाला जुळवू नये. ट्रिस असलेल्या द्रवाचा पीएच एका अंशाने तापमान वाढले की सुमारे ०.०२८ ने घटतो. २५ अंशांना ७.४० केलेला द्रव इनक्युबेटरमध्ये गेल्यावर सुमारे ७.०८ होतो आणि अ‍ॅपेटाइटची वाढ जवळपास थांबते. मी स्वतः सुरुवातीला एक संपूर्ण मालिका याच कारणाने गमावली. मीटर अचूक होता, नोंदी व्यवस्थित होत्या, फक्त कुंड बंद करून मोजमाप घेतले होते. उलट बाजूने, तयार झालेला बरोबर द्रव थंड झाल्यावर मोजला तर पीएच ७.७ च्या आसपास दिसेल. तो पाहून घाबरून आम्ल घालू नये.

यानंतर द्रव १००० मिलीच्या मापी फ्लास्कमध्ये घ्यावा, बीकर थोड्या पाण्याने धुऊन तेही त्यात टाकावे, २० अंशांपर्यंत थंड होऊ द्यावे आणि मगच खुणेपर्यंत पाणी भरावे. गरम असताना खूण गाठली तर थंड झाल्यावर आकारमान कमी भरते.

तपासणी: तयार द्रव रंगहीन आणि पूर्ण पारदर्शक असला पाहिजे. काळ्या कागदासमोर धरून तिरप्या प्रकाशात पाहावे. जराही ढगाळपणा दिसला तर गाळून वापरण्याचा विचार करू नये. गाळल्यावरही त्यातले कॅल्शियम आणि फॉस्फेट कमी झालेले असतेच. द्रव घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ५ ते १० अंशांना ठेवावा, बाटलीवर तारीख लिहावी आणि तीस दिवसांनंतर तो वापरू नये.

टप्पा ५: बुडवणे

द्रवाचे प्रमाण नमुन्याच्या संपूर्ण क्षेत्रफळावरून ठरते. चौरस मिलिमीटरमधले क्षेत्रफळ भागिले दहा, म्हणजे लागणारे मिलिलिटर. वरच्या आकाराच्या पत्र्याचे क्षेत्रफळ कडांसह २४० चौरस मिमी भरते, म्हणून किमान २४ मिली. कडा मोजायच्या विसरल्या तर २० मिली घेतले जातात. सच्छिद्र नमुन्याला याहून बराच जास्त द्रव लागतो. कमी द्रवात कॅल्शियम व फॉस्फेट लवकर संपते आणि थर अर्ध्यावर थांबतो.

नमुना बाटलीच्या तळाशी आडवा ठेवू नये. द्रवात चुकून एखादा कण बाहेर पडला तर तो खाली येऊन वरच्या बाजूवर बसतो आणि सूक्ष्मदर्शकात तोच थर वाटतो. नमुना नायलॉनच्या दोऱ्याने टांगावा, किंवा तिरपा उभा करून तपासायची बाजू खाली तोंड करून ठेवावी. बाटली ३६.५ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवावी आणि मधूनमधून हलवून पाहण्याची सवय सोडावी.

प्रत्येक मालिकेत दोन साक्षीदार बाटल्या असाव्यात: एकीत प्रक्रिया न केलेला टायटॅनियम, दुसरीत नुसता एसबीएफ, नमुन्याशिवाय. दुसरी बाटली ढगाळ झाली तर द्रवच अस्थिर होता आणि संपूर्ण मालिकेचे निकाल बाद धरावेत. माझ्या मते या रिकाम्या बाटलीशिवाय केलेल्या प्रयोगाचा निकाल लिहूच नये.

फक्त अ‍ॅपेटाइट येते की नाही हे पाहायचे असेल तर नमुने सात दिवस, आणि गरज पडल्यास चार आठवड्यांपर्यंत ठेवतात. त्यात द्रव बदलत नाहीत. जाड थर वाढवायचा असेल तर दर दोन-तीन दिवसांनी ताजा द्रव द्यावा लागतो. या दोन उद्देशांची सरमिसळ करू नये आणि अहवालात कोणती रीत वापरली ते स्पष्ट लिहावे.

टप्पा ६: धुणे आणि वाळवणे

नमुना बाहेर काढताच अतिशुद्ध पाण्यात हलकेच बुचकळावा, पाणी बदलावे आणि असे किमान तीन वेळा करावे. खोलीच्या तापमानाला, झाकलेल्या भांड्यात तो वाळू द्यावा. ओव्हनमध्ये वाळवल्यास थर आकसून भेगा पडतात. भेगा वाळवण्याने आल्या की आधीपासून होत्या, हे नंतर सांगता येत नाही.

टप्पा ७: आला तो थर खरोखर अ‍ॅपेटाइट आहे का

तांबे नळीच्या क्ष-किरणांनी, एक अंशाच्या आसपासच्या तिरप्या आपाती कोनाने आलेख घ्यावा. नेहमीच्या रीतीने घेतला तर पातळ थरातून किरण आरपार जातात आणि बहुतांश टायटॅनियमच दिसते. अ‍ॅपेटाइटची शिखरे आलेखाच्या कोनाच्या (२θ) अक्षावर २६ अंशांच्या किंचित अलीकडे आणि ३२ अंशांच्या आसपास येतात. ती रुंद असतात, कारण स्फटिक अतिशय बारीक असतात.

येथे मोठा सापळा आहे. सोडियम क्लोराइडचे सर्वांत ठळक शिखर ३१.७ अंशांना येते आणि हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे ठळक शिखर ३१.८ ला. नीट न धुतलेल्या नमुन्यावरचे मीठ अ‍ॅपेटाइट म्हणून खपून जाऊ शकते. मिठाचे शिखर अरुंद आणि टोकदार असते व ४५.४ अंशांनाही त्याचा जोडीदार दिसतो. सूक्ष्मदर्शकात घनाकार स्फटिक दिसले तर शंका उरतच नाही. अ‍ॅपेटाइट मात्र गोलाकार गाठींनी पसरते आणि जवळून पाहिल्यास त्या गाठी बारीक पापुद्र्यांच्या बनलेल्या दिसतात.

मूलद्रव्य-विश्लेषण करताना नमुन्यावर सोन्याचा लेप देऊ नये. सोन्याची २.१२ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टची रेषा फॉस्फरसच्या २.०१ च्या इतकी जवळ येते की फॉस्फरसचे प्रमाण विश्वासार्ह राहत नाही, आणि कॅल्शियम-फॉस्फरस गुणोत्तर चुकते. कार्बनचा लेप द्यावा. हे गुणोत्तर शुद्ध हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या १.६७ शी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षाही ठेवू नये. या थरात कार्बोनेट, मॅग्नेशियम आणि सोडियम शिरलेले असते. कार्बोनेटची खात्री अवरक्त वर्णपटात ८७० आणि १४२० ते १४७० प्रति सेंटिमीटर या पट्ट्यांवरून होते, फॉस्फेटची ५६० ते ६०० आणि १००० ते ११०० च्या पट्ट्यांवरून.

काही आले नाही, तर कोठे शोधावे

सगळेच नमुने कोरे असतील तर आधी द्रव संशयित धरावा: पीएच कोणत्या तापमानाला जुळवला, कॅल्शियम क्लोराइड कोणते होते, द्रव किती दिवसांचा होता. काही नमुन्यांवर थर आला आणि काहींवर नाही, तर द्रवाला दोष देऊ नये. हाताळणी, भट्टीतली जागा आणि अल्कलीत टेकलेले पृष्ठभाग पाहावेत. थर आला पण बोटाच्या हलक्या स्पर्शाने पूड होऊन निघाला, तर तो पृष्ठभागावर वाढलेला नसून द्रवात तयार होऊन वर बसलेला असण्याची शक्यता जास्त. थर तुकड्यांनी सोलला आणि खाली चकचकीत धातू दिसला, तर तापवताना किंवा त्याआधी धुताना टायटॅनेटचाच थर सैल झाला होता.

चिकटण्याची ताकद मोजताना गोंदाच्या चाचणीत काळजी घ्यावी. हा थर काही मायक्रोमीटरच जाड आणि सच्छिद्र असतो. गोंद आरपार झिरपून धातूला चिकटला तर आकडा थराचा नसून गोंदाचा असतो. तुटलेली दोन्ही तोंडे सूक्ष्मदर्शकात पाहून नेमके कोठे तुटले ते नोंदवल्याशिवाय आकडा देऊ नये. फवारलेल्या हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटसाठी आयएसओ १३७७९ मध्ये किमान १५ मेगापास्कल ही मर्यादा आहे. ती वेगळ्या, बऱ्याच जाड थरासाठी ठरवलेली असल्याने आपल्या थराची तिच्याशी सरळ तुलना करणे योग्य नाही.

एसबीएफमध्ये अ‍ॅपेटाइट आले म्हणजे ते रोपण हाडाला चिकटेल, असेही सिद्ध होत नाही. या द्रवात प्रथिने नाहीत, पेशी नाहीत, रोगप्रतिकार यंत्रणा नाही. पृष्ठभागावर अ‍ॅपेटाइट वाढू शकते एवढेच या चाचणीतून कळते. पेशींवरील चाचण्या, आयएसओ १०९९३ नुसार जैविक सुरक्षेचे मूल्यमापन आणि निर्जंतुकीकरणानंतर थराचे काय होते याची तपासणी हे सर्व पुढे शिल्लक असते. ऑटोक्लेव्हमधील वाफेने हा बारीक स्फटिकांचा थर बदलू शकतो, म्हणून ज्या रीतीने नमुना पुढे निर्जंतुक केला जाणार आहे त्याच रीतीने आधी एक जादा नमुना निर्जंतुक करून त्याचा क्ष-किरण आलेख पुन्हा घ्यावा, आणि तो मूळ आलेखाशेजारी ठेवून पाहिल्यावरच पेशींच्या चाचणीसाठी नमुने पाठवावेत.